मण्यावरचे चित्र

मराठी घरात मूल जन्माला आले की त्याच्या मनगटांत काळ्या मण्यांच्या मनगट्या घालावयाच्या, ही चाल जुनी आहे. आईच्या गळ्यात मंगळसूत्राचे काळे मणी असतातच. मांडीवरचे मूल ते मणी ओढते, चाचपते आणि संधी मिळताच तोंडात घालते. यात आजवर कोणाला काही वावगे वाटले नाही. कारण काळ्या मण्याचा काळेपणा हा काचेच्या अंगचाच असतो. मणी फुटला तरी आतून तो काळाच निघतो.

अलीकडे मात्र हाताने घडविलेल्या काचेच्या मण्यांवर फूल, पाखरू, एखादे अक्षर किंवा जुन्या छायाचित्रातील चेहरादेखील उमटविलेला दिसतो. हे चित्र कुंचल्याने काढलेले नसते. ते कागदावर छापलेले असते, पाण्यात भिजवून मण्यावर उतरविलेले असते आणि मग भट्टीत भाजून पक्के केलेले असते. अशा छापील चित्राला डेकल म्हणतात. लहानपणी वहीच्या पुठ्ठ्यावर ओली करून चिकटविलेली चित्रे ज्यांना आठवत असतील, त्यांना या युक्तीचा पहिला अर्धा भाग सांगावयास नकोच. दुसरा अर्धा भाग अग्नीचा आहे, आणि खरी कसोटी तेथेच लागते. भाजल्यानंतर ते चित्र मण्याचे होते की मण्यावर चिकटलेले परके म्हणूनच राहते, हे भट्टीच्या तपमानातील पन्नास-साठ अंश ठरवितात.

दक्षिणेत या कामाचा विचार करावयाचा तर बंगळूर हे सोयीचे ठिकाण होय. या शहराच्या दोन बाजूंना काचकामाच्या दोन जुन्या परंपरा आहेत. वायव्येकडे चित्रदुर्ग जिल्ह्यात मत्तोड नावाचे गाव आहे. फ्रान्सिस बुकॅनन १८०० ते १८०१ या काळात म्हैसूर मुलखात हिंडला, तेव्हा तेथील कारागीर खारवट माती आणि गारगोटी यांच्यापासून काच करून तिच्या बांगड्या घडवीत होते. त्याने त्या धंद्याची तपशीलवार नोंद करून ठेविली आहे. पूर्वेकडे तिरुपतीजवळ पापानायडुपेट हे मण्यांचे गाव. तेथील जुनी रीत अशी, की वितळलेल्या काचेच्या गोळ्यातून पोकळ नळी हाताने ओढीत न्यावयाची, तिचे बारीक तुकडे करावयाचे आणि ते राखेत घोळून पुन्हा तापवावयाचे, म्हणजे कडा विरघळून गोल होतात. खुद्द बंगळुरात आज मातीची भांडी हौसेने घडविणाऱ्या कलावंतांपाशी लहान विद्युत्-भट्ट्या आहेत, आणि डेकलच्या मण्याला जी भट्टी लागते ती याच जातीची. डेकलसाठी सहसा पापानायडुपेटच्या पद्धतीचे बारीक मणी घेत नाहीत. काचेची कांडी ज्योतीवर वितळवून, माती माखलेल्या लोखंडी सळईवर गुंडाळून केलेला मोठा मणी त्यासाठी लागतो. चित्राला जागा तर हवी!

मण्यावर आकृती काढून ती अग्नीने पक्की करण्याची कल्पना मात्र मुळीच नवी नव्हे. सिंधू संस्कृतीचे लोक इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात तांबड्या अकीकाच्या मण्यांवर पांढऱ्या रेघा उमटवीत. असे मणी थेट इराकमधील उर नगरीच्या थडग्यांत सापडले आहेत. ती रीत कशी होती याचा उलगडा अर्नेस्ट मॅके यांना सिंधमधील सेहवान येथे एका वृद्ध कारागिराकडून झाला, आणि १९३३ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. धुण्याचा सोडा आणि करीर या काटेरी झुडपाच्या कोवळ्या कोंबांचा रस एकत्र करून त्याने मण्यावर नक्षी काढावयाची, ती वाळू द्यावयाची आणि मणी निखाऱ्यांत तापवावयाचा. सोडा दगडाच्या पृष्ठभागात शिरतो आणि रेघ कायमची पांढरी होते. या विषयावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे १९४९ मध्ये स्वतंत्र ग्रंथ निघाला, तो डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन त्यांनी डॉ. ह. धी. सांकलियांबरोबर १९४५-४६ मध्ये केले होते. पुढे १९६९ मध्ये त्यांचा भारतीय काचेचा इतिहासही प्रसिद्ध झाला. मराठी माणसाने मण्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूमागे सारे आयुष्य वेचावे, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावयास हवी तितकी नाही.

छापलेले चित्र भांड्यावर उतरविण्याची युक्ती त्या मानाने फारच अलीकडची. इंग्लंडात लिव्हरपूल येथे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी १७५६ मध्ये सहा तासांत बाराशेंहून अधिक फरशांवर छापील चित्रे उठवून दाखविली, आणि तसे शपथेवर लिहून दिले. त्यापूर्वी प्रत्येक फरशी चिताऱ्याच्या हाताखालून जात असे. आज घरोघरच्या कपबश्यांवर जी गुलाबाची फुले दिसतात ती बहुधा डेकलचीच असतात.

या डेकलची शाई ही साधी शाई नव्हे. तिच्यात दोन वस्तू असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे बहुधा धातूचे संयुग. निळ्यासाठी कोबाल्ट, तांबूस तपकिरीसाठी लोह. दुसरी वस्तू म्हणजे लवकर वितळणाऱ्या काचेची वस्त्रगाळ पूड. गोंद लावलेल्या कागदावर हे मिश्रण छापतात आणि त्यावर लॅकरचा पातळ पापुद्रा चढवितात. कागद पाण्यात ठेवला की गोंद सुटतो आणि चित्र पापुद्र्यासकट बोटावर सरकते. तात्पर्य, कागदावर दिसते ते चित्र म्हणजे अजून न वितळलेली काच होय.

मण्यावर ते बसविताना पहिली अडचण भूमितीची येते. सपाट वस्तू गोलावर सुरकुतीवाचून बसत नाही. मोदक वळणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे ठाऊक असते. सपाट पारी गोल सारणाभोवती उचलून घ्यावयाची तर मुखऱ्या पडणारच. मोदकाच्या मुखऱ्या शोभतात, चित्राच्या शोभत नाहीत. म्हणून डेकलसाठी पूर्ण गोल मणी न घेता चपट्या, बत्ताशासारख्या आकाराचे मणी निवडतात, किंवा चित्र इतके लहान घेतात की त्याला गोलाई जाणवू नये. मणी आधी स्पिरिटने पुसावा लागतो, कारण बोटाचा तेलकटपणा चित्राला धरू देत नाही. चित्राखाली पाण्याचा थेंब वा हवेचा बुडबुडा राहिला तर तेथे भट्टीत हमखास भोक पडते. रात्रभर वाळविलेला मणी दुसऱ्या दिवशी छिद्रातून ओवून, उष्णता सोसणाऱ्या तारेवर टांगून भट्टीत ठेवितात.

आता भट्टी. सुमारे चारशे अंश सेल्सियसपर्यंत ती सावकाश चढवावयाची आणि तिचे दार बोटभर उघडे ठेवावयाचे. या टप्प्यात लॅकरचा पापुद्रा जळून जातो. धूर आत कोंडला तर रंग मळकट होतो. घाई केली तर पापुद्रा फुगतो आणि चित्र फाटते. यानंतर दार लावून तपमान साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान न्यावयाचे. शाईतील काचेची पूड तेथे वितळते आणि मण्याच्या पृष्ठभागाशी एकजीव होते. याची खूण म्हणजे धुरकट चित्रावर एकाएकी चकाकी येते. कपबशीसाठी आठशे अंशांच्या आसपास जाता येते, कारण चिनी मातीला त्या तपमानाची पर्वा नसते. मण्याचे तसे नाही. ज्या मऊ काचेचे मणी ज्योतीवर करतात, ती याच सुमारास स्वतः नरम पडू लागते. वीस अंश जास्त झाले तर मणी खाली ओघळतो, छिद्र लांबट होते, तार आत रुतून बसते आणि फुलाच्या पाकळ्या पसरतात. वीस अंश कमी झाले तर चित्र दिसते जागच्या जागी, परंतु ते नुसते बसलेले असते, मुरलेले नसते. ओघळलेला मणी डोळ्यांना दिसतो आणि टोपलीत जातो. कच्चा राहिलेला मणी मात्र दिसत नाही.

पक्के झालेले चित्र पुढे थंड होताना दगा देऊ शकते. काच तापली की प्रसरण पावते, निवली की आकसते, आणि सगळ्या काचा सारख्या आकसत नाहीत. मण्यांसाठी वापरली जाणारी मुरानोच्या जातीची मऊ काच पाचशे अंशांनी निवली तर एक मीटर कांडीमागे सुमारे पाच मिलिमीटर आखडते. प्रयोगशाळेतील चंचुपात्रांची बोरोसिलिकेट काच दोन मिलिमीटरदेखील नाही. चित्राची काच आणि मण्याची काच यांची चाल जुळली नाही तर त्यांत ओढाताण सुरू होते आणि चित्राला केसासारख्या चिरा पडतात. बंगळूरला हा विचार परका नाही. म्हैसूर संस्थानच्या काळात तेथे, विज्ञान संस्थेच्या शेजारी, सरकारी पोर्सिलेनचा कारखाना उभा राहिला. १९७६ मध्ये तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने हाती घेतला. विजेच्या खांबांवरील पोर्सिलेनच्या विद्युत्-रोधकांवर जो काचेचा लेप असतो तो मुद्दाम अंगच्या मातीपेक्षा किंचित कमी आकसणारा निवडतात. त्यामुळे लेप दाबाखाली राहतो आणि रोधक अधिक मजबूत होतो. मण्याचा कारागीर हेच शास्त्र गव्हाएवढ्या फुलासाठी राबवीत असतो. निवविताना पाचशे अंशांच्या आसपास काही वेळ थांबावे लागते, म्हणजे आतला ताण निघून जातो. पुढे रात्रभर सावकाश उतरावे लागते. नेमकी तेव्हाच वीज गेली तर मोठे मणी सकाळी दुभंगलेले सापडतात.

घरच्या लेसर मुद्रकातून डेकल काढण्याचीही एक रीत निघाली आहे. काही मुद्रकांच्या काळ्या पुडीत लोहाचे ऑक्साइड असते. भाजल्यावर बाकी सारे जळते आणि लोह कावेच्या रंगाचे होऊन उरते. जुन्या छायाचित्राला तो रंग फार शोभतो. परंतु या पुडीत वितळणारी काच नसते, म्हणून तिला धरून ठेवण्याकरिता मण्याचाच पृष्ठभाग अधिक मऊ करावा लागतो आणि आकाराची धास्ती वाढते.

पुन्हा मनगट्यांकडे वळावयास हवे. शाईतील काच मण्याच्या आधी वितळावी म्हणून तिच्यात पूर्वापार शिसे घालीत आले आहेत. शिशाइतके काम सोपे करणारे द्रव्य दुसरे क्वचितच असेल. झगझगीत तांबड्या आणि पिवळ्या रंगांत कॅडमियमही असते. शिसेविरहित शाया मिळतात. त्यांत बिस्मथ, जस्त आणि बोरॉन यांवर काम भागवितात. शिशाची शाई नीट वितळली तर शिसे काचेत बऱ्याच अंशी जखडले जाते. कच्ची राहिली तर आंबट पदार्थाने आणि लाळेनेही ते सुटू शकते. लहान मुलाच्या मेंदूला शिशाची अल्प मात्रादेखील अपायकारक असते. म्हणजे ओघळण्याच्या भीतीने भट्टी वीस अंश खाली ठेवणारा कारागीर स्वतःचे नुकसान टाळतो आणि दुसऱ्याच्या मुलाचे ओढवून घेतो. घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घातली. ते नियम भिंती-दारांच्या रंगांचे आहेत. मण्यावरची भाजलेली शाई त्यांच्या व्याख्येत बसत नाही.

खाद्यपदार्थांच्या भांड्यांसाठी जी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, तीत शेकडा चार ॲसेटिक आम्लात भांडे चोवीस तास ठेवून त्यात किती शिसे व कॅडमियम उतरले ते मोजतात. ते मोजमाप प्रयोगशाळेचे काम. तथापि साधे पांढरे व्हिनेगर जवळपास त्याच तीव्रतेचे असते, आणि कच्चे चित्र ओळखण्यापुरता त्याचा उपयोग होतो. प्रत्येक घाण्यातील दोन-तीन मणी एक दिवसभर त्यात बुडवून ठेवावेत, पुसून उजेडात तिरपे धरून पाहावेत. चकाकी शाबूत असेल तर चित्र निदान कच्चे नाही, एवढे समजते. शाईत शिसे आहे की नाही हे तिच्या वेष्टनावरूनच वाचावे लागते. चकाकी उतरली असेल तर ते मणी टाकून द्यावयाचे. त्यांच्याबरोबरचे बाकीचे पुन्हा तारेवर चढतात आणि भट्टी या खेपेस दहा-पंधरा अंश वर लागते.