क्लाउडवरील टेलिफोनास इंटरनेटचा वेग किती लागतो?

सहकारी सोसायट्यांच्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकींतून हल्लीं एक विषय वरचेवर निघूं लागला आहे. संस्थेचा टेलिफोन एकाच माणसाच्या खिशांत असतो. तो शेतावर गेला, आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला, कीं व्यापाऱ्यांस व सभासदांस संस्थेचा ठाव लागत नाहीं. द्राक्षांचा हंगाम ऐन भरांत असतां परगांवच्या व्यापाऱ्याचा फोन कोणी उचलला नाहीं, तर तो दुसऱ्या गांवीं फोन करतो, आणि तोडणीस आलेला माल वेलीवर एक दिवस अधिक राहतो. ह्यावर उपाय म्हणून ‘क्लाउडवरील’ अथवा ‘व्हर्च्युअल’ फोन घ्यावा असें सुचविलें जातें. लागलीच दुसरा प्रश्न येतो, कीं आपल्या गांवच्या इंटरनेटास तो झेपेल काय? विक्रेता सांगतो, शंभर मेगाबिटांची लाइन घ्या. ह्या सल्ल्यांत खर्च पुष्कळ व विचार थोडा आहे, असें आमचें मत आहे.

प्रथमतः ही वस्तु काय आहे तें पाहूं. नेहमींचा नंबर सिमकार्डास किंवा तारेस बांधलेला असतो. व्हर्च्युअल नंबर तसा बांधलेला नसून, मुंबईसारख्या शहरांतील डेटा सेंटरमधल्या संगणकांवर त्याची व्यवस्था असते. फोन आला कीं तो संगणक, ठरवून दिल्याप्रमाणें, सेक्रेटरीस, गोदामांतील कारकुनास किंवा विक्री पाहणाऱ्या संचालकास जोडून देतो. एकानें न उचलल्यास दुसऱ्याकडे पाठवितो. आणि कोणी केव्हां फोन केला ह्याची नोंद ठेवितो. पूर्वीं एक्स्चेंजमधील ऑपरेटर जें काम करी तेंच हें. फक्त हा ऑपरेटर आपल्या कचेरींत बसत नाहीं.

ह्या सेवेचे दोन प्रकार आहेत, आणि वेगाचा सगळा प्रश्न ह्या भेदावर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारांत आलेला फोन कंपनी आपल्या माणसाच्या साध्या मोबाइलवर, साध्या फोनच्या मार्गानेंच जोडून देते. आपल्या देशांत अशा सेवा पुष्कळ आहेत. तेथें इंटरनेट लागतें तें केवळ नोंदी पाहण्यापुरतें; आवाज त्या वाटेनें येतच नाहीं. ज्या संस्थेस हा प्रकार पुरेसा आहे, तिनें वेगाची काळजी सोडून कचेरींत मोबाइलची रेंज बरी आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें. दुसऱ्या प्रकारांत आवाजच इंटरनेटवरून, मोबाइलमधील ॲपवर किंवा टेबलावरच्या यंत्रावर येतो. एकाच वेळीं पांच-दहा जणांस बोलावयाचें असल्यास हा सोयीचा. विक्रेत्यास पहिला प्रश्न हाच विचारावा, कीं आवाज कोणत्या वाटेनें येणार? पुढील विवेचन दुसऱ्या प्रकारास लागू आहे.

(ह्याच नांवानें तिसरीही एक वस्तु विकली जाते. तींत सबंध अँड्रॉइड फोनच दूरच्या संगणकावर चालतो व त्याचा पडदा आपणांस चलच्चित्राप्रमाणें दिसतो. त्यास लहान पडद्यावरील सिनेमाइतका, म्हणजे निदान ३ ते ५ मेगाबिट वेग अखंड लागतो. संस्थेच्या फोनच्या कामीं तिचा उपयोग नाहीं.)

आतां हिशेब. बोलण्याचे बारीक तुकडे करून, सामान्यतः सेकंदास ५०, ते एकामागून एक पाठविले जातात. जी.७११ नांवाच्या जुन्या व सर्वत्र चालणाऱ्या पद्धतींत आवाजास सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. परंतु प्रत्येक तुकड्यावर पत्ता वगैरे मजकूर चढवावा लागतो, व तें बारदान धरून आंकडा ८० वर, आणि प्रत्यक्ष तारेवर ८७ च्या आसपास जातो. जी.७२९ पद्धतींत आवाज दाबून ८ किलोबिटांत बसवितात. तेथें मालापेक्षां बारदान दुप्पट, म्हणून एकूण २४! सन २०१२ मध्यें प्रमाण ठरलेली ओपस पद्धत ६ किलोबिटांपासून पुढें, मिळेल तितक्या वेगांत आपणांस जुळवून घेते. ह्यांपैकीं सर्वांत खर्चिक पद्धत धरली, तरी एका वेळीं दहा संभाषणांस जाण्याकरितां एक मेगाबिटाहून कमी व येण्याकरितां तितकाच वेग लागतो. एक संभाषण अखंड तासभर चालल्यास दोन्ही बाजू मिळून सुमारें ८० मेगाबाइट खर्च होतात. सरकारनें २०२३ च्या आरंभीं ब्रॉडबँड म्हणविण्याची किमान मर्यादा ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिट केली. कागदावर पाहतां त्या किमान लाइनींतही दहा जणांचें बोलणें सहज मावावें.

मग पन्नास मेगाबिटांच्या लाइनीवरही आवाज तुटतो तो कां? ठिबक बसविलेला कोणीही शेतकरी ह्याचें उत्तर देऊं शकेल. ताशीं चार लिटर सोडणाऱ्या तोटीस पाणी थोडेंच लागतें. पण तें सारख्या दाबानें यावें लागतें. घटकाभर पाट भरून वाहिला व मग कोरडा पडला, तर पाणी मोजमापानें पुरेसें असूनही ठिबकाच्या कामाचें नाहीं. फोनचें तसेंच आहे. सिनेमा पाहतांना यंत्र पुढचा भाग आधींच सांठवून ठेवतें, म्हणून मधला खंड कळत नाहीं. बोलणें मात्र आधीं सांठवितां येत नाहीं.

तेव्हां वेगाखेरीज तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली विलंब. आवाज एका तोंडून निघून दुसऱ्या कानीं पडेपर्यंत १५० मिलिसेकंदांहून कमी काळ लागावा, असें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचें मार्गदर्शन आहे. ४०० च्या पुढें तर संभाषणाची योजनाच करूं नये. विलंब वाढला कीं दोघेही एकदम बोलूं लागतात, आणि भावाच्या बोलण्यांत ‘बाविसशें’ कोणी म्हटलें व ‘हो’ कोणी म्हटलें ह्याचा घोळ होतो. दुसरी गोष्ट विलंबाची अनियमितता. कांहीं तुकडे लवकर, कांहीं उशिरां येणें. ही ३० मिलिसेकंदांच्या आंत असल्यास यंत्र संभाळून घेतें. तिसरी गळती, शंभरांत एकाहून अधिक तुकडे हरवूं लागले कीं शब्द खाल्ले जातात.

विलंबांत अंतराचाही भाग आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. म्हणजे नाशिकाहून मुंबईस जाण्यास एखादा मिलिसेकंद पुरे. पण कंपनीचा संगणक अमेरिकेंत असेल तर आपल्या शेजारच्या गांवचा फोनही सातां समुद्रांपलीकडे जाऊन परत येईल, व मर्यादेचा मोठा भाग प्रवासांतच संपेल. डोंगराळ भागांत उपग्रहाचें इंटरनेट घेणाऱ्यांनीं तर विशेष सावध असावें. जो उपग्रह आकाशांत एकाच जागीं स्थिर दिसतो तो ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. नुसतें वर जाऊन खालीं येण्यास २४० मिलिसेकंद जातात. त्याचा वेग कितीही मोठा सांगितला तरी हा काळ कमी होणार नाहीं. सुमारें ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांस ही अडचण नाहीं.

खेड्यांत खरा घात होतो तो अपलोडवर. जाहिरातींतला आंकडा बहुधा डाउनलोडचा, म्हणजे आंत येणाऱ्या मालाचा असतो. मोबाइलच्या टॉवरवरून बाहेर जाणारी वाट पुष्कळदां अरुंद असते. त्याच वेळीं कचेरींतील कोणी पीकपाहणीचे फोटो चढवूं लागला, कीं लिलावाच्या दिवशीं बाजार समितीच्या फाटकाशीं ट्रॅक्टरांची रांग लागावी तशी तुकड्यांची रांग लागते, आणि आवाजाचा बारीक तुकडा कांद्याच्या ट्रॉल्यांमागें अडकून पडतो. ह्यास वेग वाढविण्यापेक्षां रांग शिस्तीची करणें स्वस्त पडतें. बऱ्याच राउटरांत आवाजास प्रथम वाट देण्याची सोय असते. ती चालू करवून घ्यावी. ज्या टॉवरवर साधा ४जी फोन स्वच्छ ऐकूं येतो तेथेंच ॲपवरचा फोन अडखळतो, ह्याचेंही कारण हेंच. साध्या फोनच्या आवाजास मोबाइल कंपनी स्वतः अग्रक्रम देते. ॲपच्या आवाजास ती इतर मालाबरोबर रांगेंत उभें करते.

पैसे देण्यापूर्वीं परीक्षा करावी, आणि ती विक्रेत्याच्या सोयीनें दुपारीं न करतां आपल्या सोयीनें करावी. सायंकाळीं सात ते नऊ ह्या वेळांत सारा गांव मोबाइल पाहत असतो. तेव्हां, व एकदां भर पावसांत, आठवडाभर रोज वेग मोजून डाउनलोड, अपलोड, विलंब व अनियमितता हे चारही आंकडे वहींत लिहावेत. मोजणारें ॲप विलंबाचा जो आंकडा दाखवितें तो जाऊन येण्याचा असतो, हें विसरूं नये. संगणकावर ‘पिंग’ ची आज्ञा देऊन शंभर तुकडे कंपनीच्या संगणकाकडे पाठविल्यास किती हरवले तेंही कळतें. आणखी एक बिनखर्ची कसोटी आहे. दोघांनीं दोन टोकांस बसून आळीपाळीनें एक, दोन, तीन असें वीसपर्यंत मोजावें. एकमेकांवर आंकडे आदळले किंवा मधला आंकडा गळला, तर लाइन ह्या कामाची नाहीं असें समजावें.

ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची तंतुवाहिनी चालू स्थितींत आली असेल तर तिच्यावरून दहा-वीस मेगाबिटांचें साधें कनेक्शन, टॉवरवरच्या मोठ्या आंकड्याहून ह्या कामीं बहुधा चांगलें. राउटरपासून टेबलापर्यंत मात्र वायफायवर विसंबूं नये. दगडी भिंती व पत्र्याचीं छपरें त्याचा जोर खातात, आणि पंधरा मीटर केबलीची किंमत ती काय! विजेची तजवीज तर केलीच पाहिजे. वीज गेली कीं तंतूचें यंत्र व राउटर दोन्ही बंद पडतात. बाजारांत मिळणारी १२ व्होल्टांची लहान बॅटरी तीं कांहीं तास चालवूं शकते, फक्त यंत्रांवर लिहिलेले व्होल्ट जुळवून पाहावेत. लाइनच तुटल्यास फोन कोणाच्या साध्या मोबाइलवर वळवावा हें कंपनीकडे आधींच नोंदवून ठेवावें, आणि बँकेचे ओटीपी येण्याकरितां संस्थेच्या नांवाचें एक सिम निराळें जपावें.

करार प्रथम एका महिन्याचा करावा, व तो महिना हंगामांतला निवडावा. नंबर कोणाच्या नांवें नोंदला जाणार आणि सेवा सोडल्यास तो संस्थेकडे राहणार काय, हें लेखी घेतल्याखेरीज तो पेट्यांवर व पावतीपुस्तकांवर छापूं नये.