ब्राउझरमधला टेलिफोन आणि सुरतेची पत

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनास १६६४ साल आठवते. परंतु ज्या संपत्तीपायी शिवाजी महाराजांचे लक्ष या बंदराकडे गेले, ती केवळ वखारींतील मालात साठलेली नव्हती. सुरतेच्या सराफाने लिहिलेली हुंडी दूरच्या गावी वटत असे, कारण ती लिहिणाऱ्यास पत होती. रोकड जेथे नेणे धोक्याचे, तेथे शब्द जात असे, आणि त्या शब्दामागचा माणूस ओळखीचा असे. आजही या शहराच्या व्यापारात शब्दाचे मोल कमी झालेले नाही. रिंग रोडवरील कापडबाजारातला व्यापारी परगावच्या गिऱ्हाइकास मोबाइलच्या पडद्यावर साडीचे काठ-पदर उलगडून दाखवितो, भाव ठरतो, गठ्ठे रवाना होतात. या व्यवहारात टेलिफोन कंपनीच्या वाट्यास येते ते केवळ इंटरनेटचे भाडे. बोलणे तिच्या वाटेने गेले, पण बोलण्याचा धंदा दुसऱ्याचा झाला. तो तिला पुन्हा कोणत्या मार्गाने मिळू शकेल, याचा विचार आज करावयाचा आहे.

श्रोतेहो, प्रथम हे नवे साधन म्हणजे काय ते पाहू. संगणकावर किंवा मोबाइलवर आपण ज्या खिडकीतून संकेतस्थळे पाहतो, तिला ब्राउझर म्हणतात. पूर्वी एकमेकांशी बोलावयाचे तर या खिडकीस निराळ्या ॲपची वा जोडणीची मदत लागे. २०११ साली गूगलने ‘वेबआरटीसी’ नावाचे तंत्र सर्वांस खुले केले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यास जागतिक प्रमाणाचा दर्जा मिळाला. आता दुकानाने आपल्या पानावर एक कळ ठेवली की पुरे. गिऱ्हाइकाने ती दाबावी, मायक्रोफोन व कॅमेरा वापरण्यास संमती द्यावी आणि बोलू लागावे.

आतील रचना व्यापाऱ्यास चटकन समजेल, कारण ती दलालीसारखी आहे. प्रथम एक मध्यस्थ संगणक दोघांची गाठ घालून देतो. कोण कोठे आहे आणि कोणाच्या यंत्रास कोणत्या प्रकारचा आवाज व चित्र उलगडता येते, हे तो एकमेकांस कळवितो. गाठ पडली की तो बाजूस होतो, आणि ध्वनी व चित्र यांचे लहान लहान तुकडे दोन यंत्रांमध्ये परस्पर धावू लागतात. हे तुकडे सांकेतिक रूपात बंद केलेले असलेच पाहिजेत, असा या प्रमाणाचा दंडक आहे. परंतु पुष्कळदा मधली जाळी सरळ वाट देत नाहीत. तेव्हा सारे बोलणे एका मधल्या ठाण्यावरून न्यावे लागते. हे ठाणे दूर परदेशी असले तर उत्तर येण्यास विलंब लागतो व बोलण्याचा रस जातो. जवळ असले तर बोलणे सुरळीत चालते.

टेलिफोन कंपन्यांची जुनी मिळकत मिनिटांवर होती. १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली, आणि पुढे कित्येक वर्षे लोक घड्याळाकडे पाहत परगावी बोलत राहिले. २०१६ साली जिओने बोलणे फुकट करून केवळ इंटरनेटचे पैसे घेण्यास आरंभ केला. एका मोबाइल कंपनीचा कॉल दुसरीने आपल्या ग्राहकापर्यंत पोचविला, तर तिला मिनिटास १४ पैसे मिळत. २०१७ साली त्यांचे ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.

मिनिट विकण्याचा काळ संपल्यावर काही कंपन्यांनी हे नवे तंत्रच विकत किंवा भाड्याने घेऊन पाहिले. स्पेनच्या टेलिफोनिकाने २०१२ साली टोकबॉक्स ही या क्षेत्रातील कंपनी घेतली आणि २०१८ साली विकून टाकली. आपल्याकडे एअरटेलने २०२० मध्ये अमेरिकेतील व्हेरायझनच्या ब्लूजीन्स सेवेशी हातमिळवणी केली. पुढे २०२३ साली व्हेरायझनने ती सेवाच आवरती घेण्याचे जाहीर केले. यातून घ्यावयाचा बोध असा, की जे तंत्र सर्वांस खुले आहे, त्याचे दुकान कोणीही मांडू शकतो. कंपनीने विकावयाचे ते जे इतरांजवळ नाही ते.

असे तिच्यापाशी काय आहे? पहिली वस्तू म्हणजे टेलिफोन क्रमांक. २०१८ साली दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून येणारे बोलणे क्रमांकांशी जोडण्याची वाट मोकळी करून दिली. पानावरील कळ दाबताच दुकानदाराचा साधा फोन वाजावा, ही सोय त्या नियमाने पुरवू शकतात. दुसरी वस्तू म्हणजे जागा. गावोगावी त्यांची केंद्रे आहेत. मघाशी सांगितलेले मधले ठाणे तेथेच उभारता येते. तिसरे काम बँकांचे आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ग्राहकाची ओळख व्हिडिओवरून पटविण्यास अनुमती दिली आणि पुढे त्या यंत्रणेच्या सुरक्षिततेविषयी कडक अटी घातल्या. लहान सहकारी बँकेस असा सरंजाम स्वतः उभारणे जड जाते. तो उभारून देणे व सांभाळणे हा चांगला धंदा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू करणारी विदेश संचार निगम आज टाटा कम्युनिकेशन्स म्हणून ओळखली जाते. तिने २०२३ साली व्यवसायांना संपर्कसेवा पुरविणारी कॅलेरा ही कंपनी घेतली, ती याच दिशेने.

परंतु सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ओळख. पोलिसाचा गणवेश चढवून व्हिडिओ कॉलवर धाक घालावयाचा आणि निरपराध माणसाची आयुष्याची पुंजी लुबाडावयाची, हा ‘डिजिटल अटके’चा प्रकार २०२४ साली देशभर गाजला. पडद्यावर चेहरा दिसला म्हणजे माणूस कळला, असे नव्हे. कंपनीपाशी मात्र क्रमांक घेणाऱ्याची नोंद असते. ‘ही कळ खरोखरच अमुक बँकेची अथवा पेढीची आहे’ अशी हमी तिने घ्यावी आणि त्या हमीचे मोल मागावे. हुंडीवरच्या सहीचे काम आज या हमीने करावयाचे आहे.

याचा लाभ केवळ बड्या पेढ्यांना व्हावा, हे योग्य नव्हे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. कोणी यंत्रमागावर आहे, कोणी शिलाईवर. स्वस्त मोबाइल भरून गेला असता नवे ॲप उतरविणे त्यांना कठीण, पण एक दुवा उघडून डॉक्टरशी किंवा बँकेशी आपल्या भाषेत बोलणे सहज जमेल. त्यांची फसवणूक झाली तर तोटा भरून काढण्याचे सामर्थ्यही त्यांच्यापाशी नाही. म्हणून लहान दुकानास, दवाखान्यास व शाळेस ही सेवा परवडेल अशा मासिक दरात मिळाली पाहिजे, आणि बोलणाऱ्याविषयी शंका आली तर कोणाकडे दाद मागावयाची, हे कळ दाबण्यापूर्वीच मराठीत व गुजरातीत स्पष्ट वाचावयास मिळाले पाहिजे.