रस्त्यावरची बिदागी

वासुदेव, गोंधळी, पोतराज, शाहीर यांच्यावर आपण परीक्षेत टिपा लिहितो आणि गुणही मिळवतो. परंतु संध्याकाळी लोकलमधून उतरून घराकडे निघालो असता वाटेत वाद्य वाजवणारा जो माणूस दिसतो, त्याला काय म्हणावे? कलावंत की भिकारी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न मला घरातच भेटला. माझे मामा लग्नाच्या बॅन्डमध्ये क्लॅरिओनेट वाजवतात. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत, गणपती-नवरात्राचे दिवस वगळता, बॅन्डला फारसे काम नसते. अशा वेळी पावसाने उघडीप दिली की मामा आणि त्यांचे ढोलकीवाले सोबती उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे आळीपाळीने रस्त्यावर वाजवतात. सतरंजी अंथरणे आणि शेवटी पैसे मोजणे हे काम माझ्याकडे असते.

वाटसरूला थांबवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. स्थानकाच्या जिन्यापाशी वाजवून उपयोग नसतो, कारण तिथे माणूस धावत असतो. शेअर रिक्षाच्या रांगेजवळ तो नाइलाजाने उभा असतो. तीच खरी बैठक. सहा ते नऊ ही वेळ उत्तम. गर्दी लाटेसारखी येते, एक गाडी आली की दोन-चार मिनिटे. म्हणून आलापात वेळ न घालवता एकदम मुखड्यावर यावे लागते. चाल ओळखीची वाटली तरच मान वळते. पेटीत आधी आपलीच एक नोट ठेवावी लागते. रिकाम्या पेटीत पहिला पैसा टाकायला कोणी धजत नाही. त्यानंतर पडतो तो पैसा म्हणजे भवानी. अलीकडे सुटे पैसे कोणाजवळ नसतात, म्हणून पेटीच्या झाकणावर मोबाइलने पैसे पाठवण्याचा कोडही चिकटवला आहे.

गाव बदलले की गाणेही बदलावे लागते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथे सिंधी चाल वाजवली की वृद्ध माणसे हमखास थांबतात. अंबरनाथला भीमगीतांना दाद मिळते, बदलापूरला अभंगांना. ऐकणाऱ्याची नाडी ओळखणे याला कला म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

कायद्याचे उत्तर मात्र वेगळे आहे. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ यातील व्याख्येनुसार सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे अशा मिषाने पैसे घेणे हेदेखील भीक मागणेच ठरते. दोषी ठरल्यास पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे स्थानबद्धतेची तरतूद आहे. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती रद्द केली. एकदा एका गणवेशधारी गृहस्थांनी आम्हाला सतरंजी गुंडाळायला लावली, तेव्हा त्यांनी 'भिकारी' हाच शब्द वापरला. मामा काही बोलले नाहीत. क्लॅरिओनेट पुसून त्यांनी पेटीत ठेवले. त्या रात्री आम्ही घरी चालत आलो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ शोधावासा मला वाटला.

आपली परंपरा काय सांगते? वासुदेव पहाटे दारी येतो, गातो, दान घेतो आणि ते पोहोचल्याची जणू पावती देवांच्या नावाने देतो. सिंधमधील संत कंवरराम (१८८५–१९३९) भगत गाऊन मिळालेले पैसे गरजूंना वाटत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. ते कामगारवस्त्यांत आणि मैदानांत गायले, आणि पुढे या शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जनता जागी केली. ज्या राज्याच्या जन्माला उघड्यावरचे गाणे उपयोगी पडले, त्याच राज्यात उघड्यावर गाणाऱ्याला भिकारी ठरवणारा कायदा असावा, ही मोठीच विसंगती नव्हे काय?

मार्ग नाही असे नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ पासून वादकांना परवाने देऊन स्थानकांतच ठराविक जागा नेमून दिल्या आहेत. आपल्याकडे फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा झाला. त्याच धर्तीवर या तिन्ही गावांच्या नगरसंस्थांनी स्थानकाबाहेर दोन-चार जागा आणि संध्याकाळचे काही तास वादकांसाठी राखून ठेवले, तर वाहतुकीलाही अडथळा होणार नाही.

भीक आणि बिदागी यांत मला एक फरक दिसतो. भीक देताना आपण समोरच्याची गरज पाहतो, तर बिदागी देताना त्याचे काम पाहतो. मामांना दया नको असते. एखाद्या दिवशी सूर बरा लागला नाही की पेटीत कमी पैसे पडतात, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नसते. म्हणून वाचकमित्रांना एवढीच विनंती की, रांगेत उभे असताना दोन मिनिटे नीट ऐकावे. आवडले तर द्यावे, आवडले नाही तर खुशाल देऊ नये. पण निर्णय कानांनी करावा.