पहिलीत न बसता तिसरीत
लेखमाला : पुन्हा फळ्यासमोर (लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण करोनाकाळातली ‘टिलीमिली’ ही टीव्ही मालिका आणि दीक्षा ॲपपर्यंत आलो होतो. शाळा बंद पण शिक्षण सुरू, असं तेव्हा सगळीकडे म्हटलं जात होतं. त्यातलं किती खरं, ते वर्ग भरल्यावरच कळणार होतं.

महाराष्ट्रात वर्ग भरले तेही हप्त्याहप्त्यानं. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट आणि पुन्हा कुलूप. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा उघडल्या. पहिली-दुसरीच्या पोरांचा नंबर सगळ्यांत शेवटी, डिसेंबरात लागला. जानेवारीत ओमायक्रॉननं तीही घरी बसली. कारणं काहीही असोत, मोबाइलवर शिकणं ज्यांना सर्वांत कमी जमतं, त्यांच्याच नशिबी ते सर्वांत जास्त आलं.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल जून २०२२ मध्ये तिसरीच्या बाकावर होतं. फळ्याकडे बघायचं, शब्द डोक्यात धरायचा, मान खाली घालून वहीत उतरवायचा आणि पुन्हा वर पाहून सुटलेली ओळ शोधायची, ही साधी कसरतही त्याच्या अंगवळणी पडलेली नव्हती. व्हॉट्सॲपवर गृहपाठाचे फोटो जात होते खरे. पण त्यातलं अक्षर कितीदा आईचं होतं, हे बाईंनाही ठाऊक होतं.

१ जुलै २०२१ पासून राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला. कल्पना चांगली, पण तेव्हा बहुतेक शाळा बंदच होत्या. म्हणजे सेतूही पुन्हा मोबाइलवरूनच! शिवाय मागच्या इयत्तेची उजळणी त्यालाच उपयोगी, जो मागची इयत्ता शिकलेला आहे.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन वाचन तपासतात. आधी मुलापुढे चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद ठेवतात. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही तर खाली उतरून शब्द, तेही नाही तर सुटी अक्षरं. मूल कितवीत आहे यापेक्षा ते कुठे अडलं, हे त्यात कळतं. वर्गातही काही तास इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवावं, असं ‘प्रथम’ ही संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे. माझ्या मते करोनानंतरचा खरा सेतू हाच.

‘असर’नुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ वर घसरली आणि २०२४ मध्ये २७.१ वर आली. ‘नुकसान भरून निघालं’ म्हणून आपण मोकळे झालो. पण २०२४ च्या तिसरीतली मुलं पहिलीपासून वर्गात बसलेली होती. २०२२ ची तिसरी तोवर पाचवीत पोचली होती आणि त्या पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नव्हती. २०१८ च्या पाचवीतही ती वाचू शकणाऱ्यांचा आकडा जेमतेम निम्म्यावरच होता, तेव्हा सगळं खापर करोनावर फोडण्यात अर्थ नाही.

२०२२ च्या तिसरीची ही तुकडी २०३० साली दहावीला बसेल. तुमच्या घरात किंवा वर्गात यातलं कुणी असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडून एक धडा मोठ्यानं वाचून घ्या आणि न रागावता ऐका.

पुढच्या आठवड्यात : हातच्याची वजाबाकी.