चॉकलेट-कॅरॅमल टार्ट

चॉकलेट-कॅरॅमल टार्ट हा मैद्याच्या खुसखुशीत पारीत कॅरॅमलचा आणि त्यावर चॉकलेटचा थर भरून केला जाणारा गोड पदार्थ आहे. तो मूळचा युरोपीय बेकरी परंपरेतील असला, तरी मुंबई महानगर प्रदेशातील ठाणे, कल्याण, डोंबिवली यांसारख्या शहरांत घरगुती भट्टीवरही केला जातो. यातील तिन्ही थरांचे तत्त्व मराठी स्वयंपाकघराला परिचित आहे. पारीमागे मोहनाचे आणि कॅरॅमलमागे साखरेच्या पाकाचे शास्त्र असते. चॉकलेटच्या थरासाठी स्निग्धांश आणि पाणी यांचा मेळ साधावा लागतो. कोकणपट्टीच्या उष्ण व दमट हवेत या तिन्हींना वेगवेगळी काळजी आवश्यक ठरते.

नाव व उगम

'टार्ट' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. वरून उघडी राहणारी, उथळ आणि भरलेली पारी असा त्याचा अर्थ आहे. वरूनही पारीने झाकलेल्या पदार्थास सामान्यतः 'पाय' म्हणतात. साखर तापवून तपकिरी करण्याची पद्धत जुनी आहे, परंतु खारट बटर घातलेले कॅरॅमल लोकप्रिय होण्याचे श्रेय फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील मिठाईकार आंरी ल रू यांना दिले जाते. त्यांनी १९७७ मध्ये किबरों येथे ही मिठाई तयार केली.

ठाण्याचा चॉकलेटशी औद्योगिक संबंधही आहे. १९४८ मध्ये भारतात व्यवसाय सुरू करणाऱ्या कॅडबरी कंपनीचा कारखाना पुढे ठाण्यात पोखरण रस्त्याच्या परिसरात उभा राहिला. तेथील चौक 'कॅडबरी जंक्शन' या नावाने ओळखला जातो.

घटक

सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाच्या साच्यासाठी पुढील प्रमाण वापरता येते.

पारी: मैदा २०० ग्रॅम, मीठविरहित थंड बटर ११० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, थंड दूध १ ते २ चमचे.
कॅरॅमल: साखर २०० ग्रॅम, बटर ८० ग्रॅम, साय किंवा क्रीम १२० मिलिलिटर, मीठ अर्धा चमचा.
चॉकलेटचा थर: गडद चॉकलेट २०० ग्रॅम, क्रीम १५० मिलिलिटर.

पारीत दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलकही घालतात, मात्र बिनअंड्याची पारीही तितकीच चांगली होते. नेहमीचे खारे पिवळे बटर वापरल्यास वरून मीठ घालू नये. बाजारातील साध्या पाकीटबंद क्रीममध्ये सुमारे २५ टक्के स्निग्धांश असतो. युरोपीय पाककृतींत गृहीत धरलेल्या क्रीममध्ये तो ३५ टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्याकडील क्रीममध्ये पाणी अधिक असल्याने परदेशी पाककृतीतील प्रमाण तसेच घेतल्यास वरचा थर सैल राहतो. म्हणून वरील प्रमाणात क्रीम कमी धरले आहे.

पारी

करंजीच्या पिठात कडकडीत मोहन घालतात, तर टार्टच्या पिठात थंड बटर बोटांच्या टोकांनी चोळतात. दोन्हींचा हेतू एकच असतो. मैद्याच्या कणांवर स्निग्ध आवरण बसले की पाण्यामुळे तयार होणारे ग्लुटेनचे चिवट जाळे वाढत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाच्या खाजाच्या कानवल्यांत साटा लावून पदर सोडवतात, परंतु टार्टच्या पारीत पदर अपेक्षित नसतात. तिचा पोत नानकटाईच्या जवळचा असतो.

बटर ३२ ते ३५ अंश सेल्सियसला वितळते आणि मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघराचे तापमान त्याच्या जवळपास जाते. त्यामुळे मैदा व परात आधी शीतकपाटात ठेवणे आणि पीठ सकाळी लवकर मळणे सोयीचे असते. पीठ एकत्र येईल इतकेच मळून अर्धा तास थंड करतात. नंतर ते लाटून साच्यात बसवतात, काट्याने टोचतात आणि पुन्हा थंड करतात. न थंडावलेली पारी भाजताना आकसते.

रिकामी पारी फुगू नये म्हणून तिच्यावर बेकिंगचा कागद घालून राजमा किंवा तांदूळ भरतात. आधीच तापवलेल्या भट्टीत १८० अंशांवर १५ मिनिटे भाजल्यावर हे वजन काढतात आणि पारी बदामी होईपर्यंत आणखी १० ते १५ मिनिटे भाजतात. भट्टी नसल्यास नानकटाईप्रमाणे जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू तापवून, त्यावर स्टँड ठेवून पारी भाजता येते. मात्र त्यात वेळ अधिक लागतो आणि रंग सर्वत्र सारखा येत नाही.

कॅरॅमल

साखर थोड्या पाण्यात विरघळवून आटवली की पाक क्रमाने एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद होतो. पाणी उडत गेल्याने पाकाचे तापमान वाढत जाते. लाडू किंवा वड्यांसाठी गृहिणी तेथे थांबते, तर कॅरॅमल करणारा पुढे जातो. सुमारे १६० अंशांच्या पुढे साखरेचे रेणू विघटित होऊन नवे सुगंधी व तपकिरी पदार्थ तयार होऊ लागतात. १७० ते १७५ अंशांना मधासारखा रंग येतो. १९० अंशांच्या आसपास साखर कडू होते आणि तो कडूपणा नंतर काढता येत नाही.

पाक ढवळल्यास कडेचे कण पुन्हा साखरेचे खडे बनवतात. त्यासाठी लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब घालतात. आम्लामुळे काही साखर ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विभागली जाते आणि खडे बनण्यास अडथळा येतो. जिलेबीच्या पाकात लिंबू पिळण्यामागेही हेच कारण असते.

रंग आल्यावर आच बंद करून कोमट क्रीम थोडे थोडे घालतात. या वेळी मिश्रण जोराने उसळते, म्हणून भांडे खोल असावे आणि मुलांना दूर ठेवावे. कॅरॅमल उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेले असते आणि त्वचेला चिकटते. भाजल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. त्यावर बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

बटर व मीठ घातल्यावर मिश्रण पुन्हा ११२ ते ११५ अंशांपर्यंत आटवतात. तापमापक नसल्यास थंड पाण्यात एक थेंब टाकून पाहता येते. त्याची मऊ गोळी वळली, म्हणजेच गोळीबंद अवस्था आली, की कॅरॅमल कापण्याजोगे झाले. आधी थांबल्यास ते ओघळते आणि अधिक आटवल्यास दातांना चिकटते.

चॉकलेटचा थर

उकळी येऊ लागलेले क्रीम चिरलेल्या चॉकलेटवर ओतून, दोन मिनिटे थांबून मध्यापासून हळूहळू ढवळतात. या मिश्रणास गनाश म्हणतात. ते फुटून तूप सुटल्यासारखे दिसल्यास चमचाभर कोमट दूध घालून ढवळल्यास बहुधा पुन्हा एकजीव होते. कोकोआ बटर सुमारे ३४ अंशांना वितळत असल्याने उन्हाळ्यात चकचकीत चॉकलेट जमवणे अवघड असते. गनाशला मात्र त्या प्रक्रियेची गरज नसते, त्यामुळे या हवेत ते अधिक सोयीचे ठरते. कोकोआ बटरऐवजी वनस्पती तूप वापरलेले 'कंपाउंड' चॉकलेट उष्णतेत टिकते, परंतु जिभेवर तितके सहज विरघळत नाही.

दमट हवेतील जुळणी व साठवण

कॅरॅमल हवेतील ओलावा शोषते, तर पारी कॅरॅमलमधील ओलावा घेऊन मऊ पडते. म्हणून भाजलेल्या पारीच्या आत प्रथम वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवतात. त्यावर कॅरॅमल ओतून ते थंड झाल्यावर गनाशने पूर्ण झाकतात. वरचा थर अशा रीतीने चवीबरोबर झाकणाचेही काम करतो. पावसाळ्यात शीतकपाटातून काढलेल्या टार्टवर पाण्याचे थेंब जमतात. ते टाळण्यासाठी टार्ट बंद डब्यातच ठेवून, खोलीच्या तापमानाच्या जवळ आल्यावर डबा उघडतात. शीतकपाटात तो तीन ते चार दिवस चांगला राहतो.

घरगुती उपकरणे व विक्री

घरगुती विद्युत भट्टी साधारण १२०० ते २००० वॅटची असते. २००० वॅटची भट्टी सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे ती ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला न जोडता १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडावी लागते. जुन्या इमारतींत तारांची क्षमताही तपासून घेणे आवश्यक असते.

घरी केलेला टार्ट विकणे हा कायद्याने अन्नव्यवसाय ठरतो. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालील २०११ च्या नियमांत, वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या छोट्या व्यावसायिकांसाठी परवान्याऐवजी नोंदणीची तरतूद करण्यात आली. वेष्टनावरील खुणेच्या दृष्टीने अंडे मांसाहारी गणले जाते. त्यामुळे पारीत केवळ एक बलक घातला तरी हिरवी खूण लावता येत नाही.