उरण परिसरातील निमशहरी लोकजीवन

उरण परिसर हा रायगड जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर, मुंबई बंदराच्या पूर्वेस खाडीपलीकडे वसलेला निमशहरी भाग आहे. उरण शहरात नगर परिषद असून आसपासच्या गावांचा कारभार ग्रामपंचायती पाहतात. यांतील अनेक गावे नवी मुंबई प्रकल्पक्षेत्रात येत असल्याने त्यांच्या जमिनीचे नियोजन मात्र सिडकोकडे आहे. कारभाराने ग्रामीण आणि रोजगाराने नागरी असे येथील जीवनाचे दुहेरी स्वरूप आहे.

पारंपरिक उपजीविका

आगरी, कोळी आणि कराडी हे येथील प्रमुख स्थानिक समाज आहेत. भरतीचे पाणी बांध घालून अडवून तयार केलेल्या खारजमिनीत पावसाळी भातशेती केली जाई. बांधातील उघाडीतून ओहोटीच्या वेळी शेतातील जादा पाणी बाहेर सोडत. बांध एका ठिकाणी फुटला तरी खारे पाणी अनेकांच्या शेतात शिरत असल्याने त्याची राखण सामूहिक असे. पावसाळ्यानंतर मिठागरांत मीठ पिकवले जाई, तर कोळीवाड्यांचा चरितार्थ मासेमारीवर चाले.

भूसंपादन आणि आंदोलन

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पक्षेत्रात घेण्यात आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना या लढ्याचे फलित मानली जाते.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांचे उरणजवळ हनुमान कोळीवाडा येथे पुनर्वसन झाले. तेथील घरांना वाळवीचा उपद्रव झाल्याने पुन्हा पुनर्वसन करण्याची मागणी पुढे आली.

रोजगार आणि दळणवळण

बंदर, कंटेनर गोदामे, तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प आणि वाहतूक व्यवसाय ही आता रोजगाराची मोठी साधने आहेत. कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या वर्दळीमुळे गावांलगतच्या रस्त्यांवर कोंडी व अपघातांचा धोका असतो.

मोरा बंदरातून मुंबईतील भाऊच्या धक्क्यापर्यंत लाँचने जाता येते. परंतु गाळ आणि ओहोटी यांमुळे ही सेवा अनेकदा विस्कळीत होते. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण हा लोहमार्ग आणि शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू यांचे उद्घाटन झाले. सेतूवर दुचाकी व रिक्षांना मनाई आहे. त्यामुळे केवळ दुचाकी बाळगणाऱ्या रहिवाशाला त्याचा थेट उपयोग होत नाही. त्याच्या दृष्टीने उपनगरी लोकलचे महत्त्व अधिक आहे.

गावठाण आणि घरांचा प्रश्न

गावठाण म्हणजे महसुली नोंदीनुसार गावाच्या वस्तीसाठी राखलेली जागा. सभोवतालची शेतजमीन संपादित झाल्यावर गावठाणाला वाढण्यास वाव उरला नाही. कुटुंबे मात्र वाढत गेली. मुलांचे विवाह झाल्यावर वा भावाभावांत वाटण्या झाल्यावर अनेकांनी गावठाणालगतच्या, पूर्वी स्वतःच्याच मालकीच्या परंतु संपादित झालेल्या जमिनीवर घरे बांधली. त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' असे म्हणतात. सरकारी दप्तरी ती अतिक्रमणे ठरल्याने रहिवाशांवर कारवाईची टांगती तलवार राहिली. अशी घरे भाडेपट्ट्याने नियमित करण्याचे धोरण राज्य शासनाने २०२२ मध्ये जाहीर केले. तथापि, भाडेपट्ट्याऐवजी मालकी हक्क मिळावा, अशी प्रकल्पग्रस्त संघटनांची मागणी आहे. ज्यांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहिले, त्यांचे राहते घर कायदेशीर ठरणे हा या परिसरातील निमशहरी जीवनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.