श्वास चालू, म्हणजे औषध उतरलं?

"छान श्वास घेतोय की! मग घोटभर चहा दिला तर बिघडलं कुठे?" रिकव्हरी रूमच्या दारात नातेवाइकांनी असं विचारलं तर समजू शकतं. पण ऑपरेशन थिएटरमध्येही 'श्वास आला, ट्यूब काढा' एवढ्यावरच निकाल लागतो, तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो.

व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही स्नायू शिथिल करणारी औषधं रक्तातून सगळीकडे पोचतात, पण सगळे स्नायू त्यांना सारखे बधत नाहीत. श्वासपटल सर्वांत चिवट. अंगठा लुळा पाडणाऱ्या डोसच्या दीडपट ते दुप्पट डोस त्याला लागतो. रक्तपुरवठाही भरपूर, त्यामुळे त्याच्यावर औषध लवकर चढतं आणि लवकर उतरतं. घशाचे स्नायू मात्र बराच वेळ दुबळेच राहतात. पोट झकास वरखाली होत असतं आणि घोट श्वासनलिकेत उतरतो, तो असा.

पटत नसेल तर स्टॉकहोमच्या एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९७चा प्रयोग पाहा. जाग्या स्वयंसेवकांना त्यांनी व्हेक्युरोनियमचा हलका डोस देऊन गिळायला लावलं. औषधाचा असर मोजायला मनगटापाशी मज्जातंतूला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे चार झटके देतात. पहिल्याच्या तुलनेत चौथ्या झटक्याला अंगठा किती जोराने हलतो, ते मोजतात. हे गुणोत्तर ०.९च्या खाली असताना गिळणं चुकत होतं. आणि ही मंडळी श्वास स्वतःचा स्वतः घेत होती!

'पाच सेकंद डोकं उचला' ही जुनी कसोटीही फसवी, ०.९च्या बरंच खाली असतानाही अनेकांना ते जमतं. हात चादरीखाली गेले म्हणून भुवईवर इलेक्ट्रोड लावणाऱ्यांनीही सांभाळून राहावं. भुवईचा स्नायू अंगठ्याआधी सुटतो, त्यामुळे ट्यूब काढताना त्याच्या भरवशावर राहू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. या औषधांनी हृदय लुळं पडत नाही, आतडीही नाहीत. त्यांचे स्नायू वेगळ्या जातीचे. यांनी झोपही येत नाही: अमेरिकी डॉक्टर स्कॉट स्मिथ यांनी स्वतःवर क्युरारे या स्नायू शिथिल करणाऱ्या जुन्या औषधाचा प्रयोग करून घेतला, तो १९४७मध्ये प्रसिद्ध झाला, बोटही हलत नव्हतं, पण शुद्ध पूर्ण होती. कंबरदुखीची 'मसल रिलॅक्सन्ट' गोळी हा निराळाच प्रकार. आणि दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं दुखलं, तर टेबलावर कुणी आपटलं असा संशय नको. सक्सिनिलकोलीन दिलं असेल, तर ते लुळं करण्याआधी अंगभर स्नायू फडफडवतं.